जप्त डबे व्यापाऱ्याच्या ताब्यात नकोत!

ठाकूरद्वार, चिराबाजार, फणसवाडीतल्या रहिवाशांनो,

जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. चिराबाजारात ताजी मासळी कमी येते, महाग होते, आणि ट्यूना-बांगड्याचे डबे घरात येतात. डबा फुगलेला, गळका, शिवणीवर गंजलेला असेल तर तो विषारी असू शकतो. बोट्युलिनमचे विष वासावरून कळेलच असे नाही. हे मासे डब्यात भरण्याआधी बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते, आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही. ‘फोडणीला टाकला की चालतो’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 असा माल जप्त करण्याचा अधिकार सरकारला देतो. पण त्याच कायद्याच्या कलम 38 मध्ये पळवाट आहे. नमुना घेऊन बाकीचा माल त्याच व्यापाऱ्याकडे ठेवता येतो, फार तर बॉन्ड लिहून घेऊन. तपासणी अहवालाला 14 दिवस. तोवर संशयित डबे कुठे? ज्याने ते विकायला मांडले त्याच्याच गोदामात! सडलेला नाशवंत माल लेखी नोटीस देऊन नष्ट करता येतो. डब्यावर मात्र लांबची मुदत छापलेली असते, म्हणून ‘हा नाशवंत नाही’ असे म्हणायला व्यापारी मोकळा.

जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात काय झाले ते आठवा. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडले म्हणाले, मग प्रयोगशाळेने ‘मर्यादेत’ म्हटले. लोकांचा विश्वास उडाला, बाहेरच्या मासळीवर बंदी आली, आणि प्रामाणिक विक्रेतेही त्यात भरडले गेले. अर्धवट माहितीने हेच होते.

म्हणून आमची अन्न व औषध प्रशासनाकडे मागणी आहे: मासळीचे जप्त डबे सील करून स्वतःच्या ताब्यात न्या. बॅच क्रमांक, आयातदाराचे नाव आणि अहवाल जाहीर करा. माल नष्ट कराल तो पंचांसमक्ष, आणि पंचनामा मागणाऱ्याला दाखवा.

आपल्याही हातात हक्क आहे. कलम 40 नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न तपासून घेऊ शकतो. माल सदोष ठरला तर शुल्क परत मिळते. मात्र खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. न घाबरता सांगा, आणि बिल घ्या. घरात फुगलेला डबा असेल तर तो उघडू नका, बॅच क्रमांकाचा फोटो काढा, 1800-222-365 वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

— ठाकूरद्वार परिसरातील ग्राहक