टीबीची गोळी सुरू झाली की एचआयव्हीची गोळी कमी पडते; जादा गोळी मिळते, पण सांगितलं तर

लोणी भापकर : टीबी आणि एचआयव्ही, दोन्हींची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे आता वाडीवस्तीवर माहीत झालंय. पण ही औषधं एकमेकांना आडवी जातात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचं अँटिबायोटिक असतं. लघवी केशरी-लाल होते ती त्यामुळेच. हे औषध यकृताला असं कामाला लावतं की ते बाकीची औषधंही नेहमीपेक्षा झपाट्यानं मोडून टाकतं. एचआयव्हीची गोळी त्यातच सापडते. माणूस रोज न चुकता गोळी घेतो, तरी रक्तात औषध पुरेसं उरत नाही. अपुऱ्या औषधानं विषाणू दबत नाही, उलट त्याला सरावतो. तणनाशक कमी प्रमाणात मारत राहिलं की पुढं तण दाद देत नाही, तसाच प्रकार.

हा प्रश्न जुनाच आहे, गोळी बदलली तसं त्याचं रूप बदललं. देशात 1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी सुरू झाली. तेव्हाच्या नेव्हिरापिनचं रिफाम्पिसिनशी जमत नव्हतं, म्हणून टीबी झालेल्याला एफाविरेन्झ देत. पुढं एफाविरेन्झच सगळ्यांना मिळू लागलं आणि हा घोळ बराचसा मिटला. मग 2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डोलुटेग्राविर असलेली गोळी पहिल्या पसंतीची ठरली. गोळी चांगलीच आहे, त्रास कमी आणि विषाणू लवकर दबतो. फक्त रिफाम्पिसिनसोबत दिवसाला एक पुरत नाही.

तोड सोपी आहे. रोजची गोळी चालूच ठेवायची आणि 12 तासांनी 50 मिलिग्रॅम डोलुटेग्राविरची एक जादा गोळी घ्यायची. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. तो संपल्यावरही ही जादा गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवतात, कारण रिफाम्पिसिन बंद झालं तरी यकृताचा वेग लगेच उतरत नाही. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या मनानं गोळी वाढवायची नाही की बंद करायची नाही.

मग अडतं कुठं? एआरटी केंद्रात दर भेटीला खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम विचारतात. सरकारी टीबी विभागातही रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते. त्या वाटेनं गेलेल्याला जादा गोळी मिळायला हवी. गळती होते ती खाजगीत टीबी निघाला आणि एचआयव्हीबद्दल पेशंट गप्प राहिला तर. बोलायचं म्हटलं तर चार माणसांत नाव जायची भीती, ती काही खोटी नाही. दुसरी अडचण ऊसतोडीची. सोमेश्वर, माळेगावचा हंगाम सुरू झाला की बाहेरून टोळ्या येतात. त्यातल्या एखाद्याचं एआरटीचं पुस्तक गावाकडच्या केंद्राचं आणि टीबीचं औषध इथलं असेल, तर दोन्ही कागद एका टेबलावर यायचे कसे? माझ्या मते हंगामात कोप्यांवर तपासणीला जाणाऱ्या पथकानं खोकल्यासोबत 'दुसरी कुठली रोजची गोळी चालू आहे का' एवढं एकट्यात विचारलं, तरी बरंच हाती लागेल.

आणखी एक. ड्रिपच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटचं खत एकत्र टाकलं की गाळ बसतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पोटातही थोडं तसंच होतं. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि पित्ताचं पातळ औषध डोलुटेग्राविरला धरून ठेवतं. म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. गरोदर बायांना लोह-कॅल्शियम सुरूच असतं, त्यांनी हे जरूर विचारून घ्यावं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही रिफाम्पिसिनमुळं कमी होतो, हे बायांना फारसं कुणी सांगत नाही.

नाव फुटण्याच्या भीतीवर कायदा आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करता येत नाही. तरीही खाजगी डॉक्टरला सांगायला जीभ रेटत नसेल, तर उलट्या बाजूनं जा. टीबीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन थेट एआरटी केंद्रात दाखवा. तिथं तुमचं आधीच माहीत आहे, लपवायचं काही नाही. केंद्र लांब असेल तर 1097 हा टोल फ्री नंबर आहे.