विश्लेषण : झेंडा नांदेडचा, कापड उदगीरचं, पण खांबाची देखभाल कुणाची?

दोरी ओढली आणि झेंड्याची गाठ सुटलीच नाही, असं तुमच्या शाळेत एकदा तरी झालं असेल. आमच्या शाळेत झालं होतं. सगळे सावधानमध्ये, पाहुणे टोपी घालून उभे, गुरुजी दोरीला हिसके देतायत आणि वर फुलांच्या पाकळ्यांसकट झेंड्याचं बोचकं तसंच. शेवटी सातवीतला एक मुलगा खांबावर चढला, त्याने हाताने गाठ सोडली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर तो खांब पुन्हा आठवला, तेव्हा पोटात गोळा आला. पायथ्याशी तो गंजून पापुद्रे सुटलेला होता. त्यावर पोराला चढवायलाच नको होतं.

आपल्या मराठवाड्यात ही वेळ उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एकदा जास्त येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि शिवाय १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. १९४७ च्या १५ ऑगस्टला निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवायला बंदी होती. तो उघडपणे चढवायला इथल्या लोकांना आणखी १३ महिने झगडावं लागलं. म्हणून या भागात खांब, दोरी आणि कप्पी ही नुसती शाळेची सामग्री नाही. पण आपण तिच्याकडे बघतो कधी? १४ ऑगस्टच्या संध्याकाळी.

झेंडा येतो कुठून?

अनेकांना माहीत नसतं, पण तो आपल्याच दारातून येतो. मुक्तिसंग्रामाच्या पिढीतून उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला राष्ट्रध्वज तयार करते. कापड विणलं जातं लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. कापणी, छपाई आणि शिवण नांदेडला. देशात प्रमाणित खादीचे झेंडे बनवणारी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. दुसरं मोठं नाव हुबळीजवळच्या बेंगेरीचं.

झेंडा म्हणजे तीन रंगांचं कापड, इतकं सोपं हे काम नाही. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, म्हणजे आयएस १, राष्ट्रध्वजाचाच आहे. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, आणि आकार ठरलेले नऊ : सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. अंगाचं कापड वेगळं आणि दोरीकडच्या पट्टीचं वेगळं, जाड. कारण सगळा ताण त्या पट्टीवर येतो. रंग उन्हात किती टिकतो, पाण्यात सुटतो का, हेही तपासलं जातं. स्वस्त झेंड्यात पहिल्याच पावसात केशरी रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो, तो ही तपासणी नसल्यामुळे.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनलेला झेंडाही चालू लागला. जुलै २०२२ मध्ये तो सामान्य नागरिकांना रात्रंदिवस फडकवायची मुभा मिळाली. त्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आला आणि पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळू लागला. घरोघरी झेंडा लागला, ही चांगलीच गोष्ट. पण हाताने कातलेल्या-विणलेल्या खादीला त्या किमतीशी स्पर्धा करणं शक्यच नव्हतं. बेंगेरीच्या लोकांनी तेव्हा उघड विरोध केला होता.

खादी खरंच महाग पडते का?

इथे मला एक साधा हिशेब मांडायचाय. शाळेचा झेंडा वर्षातून चार दिवस, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत धरला, तर वर्षाला ४४ तास वर असतो. रात्रंदिवस फडकणारा झेंडा वर्षाला ८७६० तास वर असतो, म्हणजे जवळपास दोनशेपट. कापड मरतं ते ऊन, वारा आणि फडफडण्याने. आधी मोकळी कड विसविसते, मग चिरते. ४४ तासांच्या वापराला खादीचा झेंडा वर्षानुवर्षं पुरायला हवा.

मग शाळांमधले झेंडे दोन-तीन वर्षांत जातात कसे? वर फडकून नाही, कपाटात. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर, दोन्ही पावसातले दिवस. भिजलेला झेंडा तसाच घडी घालून लोखंडी कपाटात जातो. जानेवारीत उघडला की बुरशीचे काळे ठिपके, नाहीतर उंदरांनी कुरतडलेला कोपरा. झेंडा उतरवल्यावर वर्गात सावलीत पूर्ण वाळवायचा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवायचा, एवढंच करायचं असतं. फाटलेला झेंडा लावता येत नाही. तो एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा, असं ध्वजसंहिता सांगते. गच्चीवर दिवाळीपर्यंत लटकणाऱ्या चिंध्यांचं काय, हे ज्याचं त्याने बघावं.

खांबाचं काय?

खांबावर वाकवणारा ताण सर्वांत जास्त पायथ्याशी असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आणि नेमकं तिथेच, जिथे पाइप काँक्रीटमध्ये शिरतो, पाणी साचतं आणि गंज धरतो. आपण काय करतो? दर ऑगस्टला त्यावर चंदेरी रंग मारतो. रंगाखाली पाइप पोखरत जातो. हातोडीने पायथ्याशी हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला किंवा पापुद्रा निघाला तर तो खांब बदलायचा, रंगवायचा नाही. चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला तर पाणी थांबत नाही. कप्पीत थोडं तेल, दोरी नवी. नायलॉनची दोरी उन्हाने ताठ होते आणि मग सुरगाठ बांधायला जावं तर निरगाठ बसते. आमच्या शाळेत बहुतेक तेच झालं असावं.

जिवावर बेतणारी गोष्ट वेगळीच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कर्नाटकातल्या कोप्पळला, म्हणजे एकेकाळच्या निजामाच्याच मुलखात, वसतिगृहाच्या गच्चीवरचा लोखंडी ध्वजखांब काढताना तो विजेच्या तारेला लागला आणि पाच विद्यार्थी गेले. आपल्याकडे किती शाळांच्या अंगणावरून तारा जातात, ते मान वर करून बघा.

देखभाल म्हणजे काय, हे गोल्फवाल्यांकडून शिकावं. तो खेळ आपल्या भागातला नाही, पण तिथेही प्रत्येक होलमध्ये झेंड्याची काठी असते. होल जेमतेम १०८ मिलिमीटर रुंद, त्याची जागा सतत बदलतात, आणि वाकलेली काठी, विटलेलं कापड काढून नवं लावणं हे तिथल्या माळ्यांच्या नेहमीच्या कामात धरलेलं असतं. एका खेळाच्या झेंड्याला जेवढी नोंदवही मिळते, तेवढी राष्ट्रध्वजाच्या खांबाला मिळू नये?

उलट आपला ओढा उंचीकडे. अटारी सीमेवर मार्च २०१७ मध्ये ३६० फुटांचा खांब उभा राहिला आणि पहिल्याच महिन्यात वाऱ्याने झेंडा फाटला. पुढेही फाटत राहिला. कोल्हापूरने त्याच वर्षी १ मे रोजी ३०३ फुटांचा खांब उभारला. उद्घाटनाला खर्च होतो, पण पुढच्या वर्षीच्या झेंड्याला तरतूद नसते. शंभर फुटी खांबाची मागणी करणाऱ्या प्रत्येक गावाला मी एकच प्रश्न विचारेन : तुमच्या जिल्हा परिषद शाळेची कप्पी फिरते का?

नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी ठरवलं तर हे अवघड नाही. शाळांच्या वार्षिक डागडुजीत खांबासाठी एक ओळ, तपासणी जूनमध्ये शाळा उघडताना, तारांखालचे खांब आधी हलवायचे आणि झेंडा संपला की नवा आपल्याच जिल्ह्यांत बनलेला खादीचा घ्यायचा. उदगीरच्या मागांना सरकारी शाळांची एवढी नियमित मागणी मिळाली, तर २५ रुपयांच्या झेंड्याशी भांडायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. आणि १४ ऑगस्टच्या संध्याकाळी गुरुजींनी झेंड्याऐवजी एखादा टॉवेल बांधून दोन वेळा दोरी ओढून बघावी.