थेंब म्हणजे नेमकं किती? बाळाचं ड जीवनसत्त्व मोजूनच द्या

अमेरिकेत बाळ घेऊन घरी येता येता बालरोगतज्ज्ञ सांगतात, अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० आययू ड जीवनसत्त्व द्या. थोड्याच दिवसांत भारतातून आजी येते. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि तिकडच्या ड थेंबांची एक बाटली. आता ओट्यावर दोन बाटल्या आणि दोन ड्रॉपर झाले. माझ्या मते खरा धोका इथे सुरू होतो.

आधी आजीचा प्रश्न घेऊ: “आईच्या दुधात काय कमी आहे?” बाकी फारसं काही नाही, पण ड जीवनसत्त्व लिटरमागे सहसा १०० आययूही नसतं. मग कोवळं ऊन? ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे अतिनील-बी किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फार कमी असतात. बंद खिडकीची काच ते अडवते. बॉस्टनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात तर ते जवळजवळ मिळतच नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेला ऊनही जास्त लागतं आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये, असं इथले डॉक्टर सांगतात. म्हणून हे थेंब टाळू नका. मुडदूस हा आजार अजून इतिहासजमा झालेला नाही.

पण “टॉनिकच आहे, थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?” हे मात्र चूक आहे. क जीवनसत्त्व जास्त झालं की बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड चरबीत विरघळतं आणि शरीरात साठतं. ते अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: बाळ दूध घेत नाही, उलट्या होतात, शौचाला कडक होते, लघवी वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अमेरिकेत पहिल्या सहा महिन्यांसाठी दिवसाची कमाल मर्यादा १००० आययू धरली आहे.

आता हिशेब बघा. काही बाटल्यांत ४०० आययू एका मिलिलीटरमध्ये असतात, काहींत एकाच थेंबात. भारतात ८०० आययू प्रति मिलिलीटरचेही थेंब मिळतात. एका थेंबात ४०० असलेलं औषध सवयीने मिलिलीटरभर दिलं, तर वीस-तीस थेंब, म्हणजे ८ ते १२ हजार आययू बाळाच्या पोटात जातात. याच धोक्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१० साली पालकांना आणि उत्पादकांना सावध केलं होतं.

म्हणून माझा आग्रह असा: घरात “एक ड्रॉपर” किंवा “दोन थेंब” ही भाषा बंद करा. आकडा आययूमध्येच बोला. लेबलवर मायक्रोग्रॅम असतील तर १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० आययू. एकच बाटली ठेवा आणि तिच्याबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरा. रोज कोणी दिलं याची खूण फ्रिजवर करा, म्हणजे आई आणि आजी दोघींकडून दिलं जाणार नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. बाळ दिवसाला साधारण लिटरभर फॉर्म्युला घेत असेल, तर थेंबांची गरज सहसा नसते, डॉक्टरांना विचारा. मोठ्यांसाठीची ६०,००० आययूची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि तिचा “चिमूटभर” वाटा बाळाला देऊ नका.

चुकून जास्त गेलंच, तर लक्षणांची वाट न पाहता अमेरिकेतल्या पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. फोन करताना बाटली हातात असू द्या.

आजीने बाटली प्रेमानेच आणलेली असते. तिच्याशी वाद घालू नका. दोघांनी मिळून लेबल वाचा आणि एक बाटली बाजूला ठेवा. हे काम आजच करा.