परवाना महसुलाला, मनाई रोग्याला

गोंदिया जिल्ह्यात तेंदूपत्त्याचे लिलाव होतात, विड्या वळताना स्त्रियांची बोटे झिजतात आणि शासनाचा खजिना भरतो. तंबाखूने माणसे मरतात हे ठाऊक असूनही हा व्यापार कायदेशीर आहे. त्याच जिल्ह्यातील सिकलसेलचा रुग्ण वेदनेने तळमळत असताना गांजाजन्य औषधाचा नुसता विचार मांडला, तरी नीतीचे रखवालदार खडबडून जागे होतात!

वस्तुतः 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाची वाट मोकळी ठेवली आहे. कलम 10 अन्वये लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार राज्य शासनाकडेच आहे. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कठोर सूचीतून वगळले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. मग व्हिएन्नात दाखविलेली सुबुद्धी सालेकसा-देवरीपर्यंत का पोहोचत नाही?

इतिहासही बोलका आहे. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता, तेव्हा त्याच प्रांतात खंडव्याजवळ सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. महसुलासाठी परवाना देणे परकीय सरकारला जमत होते. रोग्यासाठी तो देणे स्वकीयांच्या सरकारला जमू नये?

गांजा हा रामबाण उपाय आहे, असा दावा येथे नाही. काही दुर्धर अपस्मारांवर कॅनाबिडिऑलचा गुण सिद्ध झाल्याने अमेरिकेने 2018 मध्ये त्याचे औषध मान्य केले. सिकलसेलच्या वेदनेवर मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका छोट्या चाचणीत निर्णायक लाभ आढळला नाही. म्हणूनच संशोधन हवे, आणि ते जेथे हा रोग घरोघरी ठाण मांडून आहे तेथे हवे.

आज घडते ते उलटेच. ‘विजया’ या आयुर्वेदीय नावाने भांगेच्या पानांचा अर्क वैद्याच्या चिठ्ठीवर शहरी श्रीमंतास घरपोच मिळतो. 2014 मध्ये संसदेने मॉर्फिनवरील परवान्यांचे जंजाळ सैल केले. पण जेथे मान्यताप्राप्त संस्था नाही, प्रशिक्षित डॉक्टर नाही, तेथे ती सवलत कागदावरच राहते. मजुरी बुडवून नागपूर गाठणाऱ्या आदिवासी शेतमजुराच्या वाट्याला उपदेश तेवढे येतात.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमन विभाग व मॉर्फिनचा अखंड पुरवठा; तेथेच गांजाजन्य औषधांच्या खुल्या, नियंत्रित चाचण्या; आणि गुण सिद्ध झाल्यास हाफकिनसारख्या सार्वजनिक उद्योगातून उत्पादन व मोफत वाटप. खासगी मक्तेदारांच्या हाती हे क्षेत्र पडण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभांत नेला पाहिजे. वेदनेतून सुटका ही धनिकांची चैन नव्हे. तो कष्टकऱ्यांचा हक्क आहे.