गांठोडें कोणतें बांधावें?

कोंढ्याच्या घरांतील जमिनीचे दस्तऐवज परगांवच्या मुलांस संगणकावरून धाडावयाचे, तर त्यांचें गांठोडें कोणत्या पद्धतीनें बांधावें? आमचें मत 'झिप'कडे झुकतें. ही पद्धत १९८९ सालची. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून असें गांठोडें निराळ्या साधनावांचून उघडतें. शिवाय तींत प्रत्येक कागद स्वतंत्र दाबला जातो. एक बिघडला तरी बाकीचे बहुधा वांचतात. 'सेव्हन-झेड' पुष्कळदां अधिक दाबतें हें खरें, पण जुन्या यंत्रावर तें उघडण्यास वेगळें साधन लागतें. पाणिनीच्या 'अच्' या संज्ञेंत सारे स्वर मावतात, परंतु माहेश्वरसूत्रें जाणणारासच! 'जेपेग' छायाचित्रें मात्र आधींच दाबलेलीं असतात. तीं कशांतहि बांधलीं तरी आकार फारसा घटत नाहीं. पलीकडे गांठोडें नीट उघडल्याचें कळेपर्यंत मूळ प्रत पुसूं नये.