पत्र्यावरची जकात कोणाच्या डोक्यावर?

दिल्ली सरकारनें २१ एप्रिल २०२५ रोजीं परदेशी पोलादी पत्रे, प्लेटी व कॉइल यांवर १२ टक्के संरक्षक जकात बसविली. डिसेंबर २०२५ मध्यें ती तीन वर्षांची केली. दुसऱ्या वर्षीं साडेअकरा टक्के, तिसऱ्या वर्षीं अकरा. हें शेटजींचें प्रकरण, आपल्यास काय त्याचें, असें म्हणून नेरळच्या शेतकऱ्यानें पान उलटूं नये. त्याच्या गोठ्यावरचा पत्रा, घरांतली धान्याची कोठी, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीवर गवताच्या जागीं आलेलें छप्पर, हें सर्व याच मालाचें आहे.

जकातीच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. जगांतलें निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन करतो, आणि २०२४ सालीं त्यानें अकरा कोटी टनांच्या आसपास माल बाहेर लोटला. अशा मालानें आमच्या भट्ट्या विझल्या, तर खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या आमच्याच मुलांची भाकर जाईल, आणि मग परका व्यापारी मागेल तो भाव द्यावा लागेल. पहिल्या महायुद्धांत विलायती माल येईना, तेव्हां टाटांच्या साकचीच्या कारखान्यानें मेसोपोटेमियासाठीं रूळ पुरविले. पोलाद हें राज्याचें बळ आहे, हें आमच्या तालुक्यास कोणी शिकवावयास नको. माथेरानच्या नाभिक घरांत जन्मलेल्या भाई कोतवालांनीं १९४२ सालीं मुंबईस वीज नेणारे पोलादी मनोरे पाडले, ते हें बळ ओळखूनच.

पण देशरक्षण हा शब्द फार सोयीचा आहे. अमेरिकेनें १९६२ च्या कायद्यांतलें देशरक्षणाचें कलम काढून परक्या पोलादावर २०१८ सालीं २५ टक्के जकात लावली व जून २०२५ मध्यें ती ५० टक्क्यांवर नेली. शेजारचा कॅनडाही त्यांतून सुटला नाहीं. तोफेचें पोलाद आणि गोठ्याचा पत्रा एका तागडींत घातला, कीं असें होतें.

जकात बसते परदेशी मालावर, पण तिच्या सावलींत देशी मालाचा भावही वर चढतो. नाहीं तर कारखानदारांनीं ती मागितली कशास असती? १९२४ सालीं टाटांस संरक्षण देण्याचा कायदा झाला, तेव्हां पुष्कळशा मालावर जकात बसली, पण रूळ व रेल्वेच्या वाघिणी यांसाठीं सरकारनें तिजोरींतून रोख मदत दिली. या दोहोंतला फरक रयतेनें नीट ध्यानांत घ्यावा. तिजोरींतली मदत अंदाजपत्रकांत दिसते. कोणास किती दिलें, असें भर सभेंत विचारतां येतें. जकात मात्र दुकानदाराच्या बिलांत विरघळून जाते. कुणब्यानें शेठास किती दिले, याची पावती त्याला मिळतच नाहीं.

लोहार-सुतारांच्या मुलांचें तर याहून बिकट. नेरळ-कर्जतकडे दारें, खिडक्या, शेड करणाऱ्या वेल्डिंगवाल्यास पत्रा हा कच्चा माल. मोठ्याच्या तयार मालास संरक्षण, आणि लहानाच्या कच्च्या मालावर बोजा! दिल्लींत चौकशी झाली ती पोलादवाल्यांच्या संघाच्या अर्जावर. वेल्डिंगवाल्याने तेथें वकील कोठून न्यावा?

जकात आजच उठवा, असें आमचें म्हणणें नाहीं. मुदत एप्रिल २०२८ पर्यंत आहे. तिच्यापुढें एक दिवसही ती वाढवूं नये. तोंवर लहान कारखान्यांस पत्रा ठरल्या भावानें मिळावा. ज्यांना संरक्षण हवें त्यांनीं आमचीं मुलें ठेकेदाराच्या हवालीं न करतां कायम कामावर घ्यावींत. देशरक्षणास लागणाऱ्या खास पोलादाला मदत द्यावयाची ती तिजोरींतून, उघड द्यावी. आणि मावळ मतदारसंघांतून आमच्या मतांवर दिल्लीस गेलेल्या खासदारांनीं एप्रिल २०२५ पूर्वीचा व नंतरचा पत्र्याचा भाव, महिन्यामहिन्यांचा, लोकसभेंत मागावा.