अडकते ती सीडी, कॉम्प्युटर नव्हे!

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा एक डबा हमखास खाली येतो. लग्नाची सीडी, बारशाची सीडी, सासऱ्यांच्या एकसष्टीची डीव्हीडी आणि हौसेनं घेतलेले दोन-चार सिनेमे. आपण धूळ झटकतो, 'बघू कधीतरी लावून' म्हणतो आणि डबा पुन्हा वर जातो. मैत्रिणींनो, यंदा तो वर जाऊ देऊ नका, एवढंच सांगायला आज लिहितेय.

एकेकाळी या चकत्यांनी आपली घरं गाजवली होती. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत विकायला काढली, तेव्हा भाजीच्या पिशवीतून सिनेमा घरी येऊ लागला. २०१८ साली ती कंपनी अवसायनात गेली. सिनेमाचं एक ठीक आहे, तो आता मोबाइलवरही मिळतो. पण आपल्या लग्नाची सीडी कुठल्या दुकानात मिळणार?

बचतगटाच्या कामानं मी जळगाव-धुळ्याच्या गावांत फिरते. शिरपूरकडच्या एका ताईंच्या लग्नाची डीव्हीडी हळदीच्या गाण्यांपाशी अडकायची. चित्र थांबायचं, चौकटी-चौकटी दिसायच्या. दुकानदारानं सांगितलं, "कॉम्प्युटर जुना झालाय, नवीन घ्या." चाळीस हजारांची गोष्ट! ताई मला म्हणाल्या, "मनी मायना आवाज शे त्यामा." आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आता सांगा, अशा वेळी बाई कर्ज काढायलाही तयार होणार की नाही?

पण मुळात नवीन कॉम्प्युटर लागतोच कशाला? डीव्हीडी नवी होती त्या काळात, म्हणजे १९९७-९८ च्या सुमारास, ती नीट चालावी म्हणून कॉम्प्युटरमध्ये वेगळं डीकोडर कार्ड बसवावं लागे. पुढे पेंटियम-थ्रीच्या जमान्यात प्रोसेसरच ते काम करू लागला. आज तुमच्या मुलाचा कॉलेजचा साधा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट ताकदीचा आहे. जास्तीची रॅम नको, महागडं ग्राफिक्स कार्ड तर मुळीच नको.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा वाचण्यात. शाईचा डाग पडलेलं पत्र वाचताना आपण त्याच शब्दावर थांबतो ना, तसा ड्राइव्ह चरा किंवा धूळ असलेली जागा पुन्हा पुन्हा वाचत बसतो आणि चित्र थांबतं. म्हणून आधी चकती पुसा. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ पुसा, गोल गोल नको. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली चकती दुसरा कधी कधी सहज वाचतो.

आताच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतोच. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह दोन हजारांच्या आसपास मिळतो. त्याची वायर थेट कॉम्प्युटरलाच लावा. मध्ये चार तोंडांचा हब असला की वीज पुरत नाही आणि ड्राइव्ह नुसता टकटक करत राहतो. विंडोजमध्ये डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोज-आठपासून, म्हणजे २०१२ पासून, आपोआप येत नाही. त्यासाठी 'व्हीएलसी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या. झालं! एवढंच लागतं. पाच-सहा जणींनी मिळून एक ड्राइव्ह घेतला तर प्रत्येकीला तीन-चारशे रुपये पडतील.

एक मात्र आधीच सांगते. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आजच्या मोठ्या टीव्हीवर त्याच्या वीसपट ठिपके असतात, तेव्हा ते पुसट दिसणारच. नव्या कॉम्प्युटरनं ते चकचकीत होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चकती एकदा चालली की बघत बसू नका, आधी तिची कॉपी करा. सगळी फोल्डरं कॉम्प्युटरवर उतरवा, मग पेनड्राइव्हवर, आणि एक प्रत माहेरी किंवा बहिणीकडे. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर सहा भरलेल्या डीव्हीडी मावतात. ही घाई एवढ्यासाठी की फोटोवाल्यानं भरून दिलेल्या चकतीत रंगाचा एक थर असतो आणि तो ऊन-उष्णतेनं खराब होतो. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच! आणि सीडीच्या नाव लिहायच्या बाजूवर बॉलपेन दाबून कधी लिहू नका. माहितीचा थर तिथे अगदी वरच असतो.

"हे मशिनीचं काम, मुलं करतील," असं आपण म्हणतो. मुलांना त्या डब्यात काय आहे हे तरी ठाऊक असतं का? हळदीची गाणी कोण म्हणत होतं, श्रावणातल्या कानबाईला कोणती आजी पुढे होती, हे आपल्यालाच माहीत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आईच्या ओव्या कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून त्या १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर का होईना, पुस्तकात आल्या. आपल्या आया-आज्यांचा तर आवाजच उतरवलेला आहे. तो नुसता एका चकतीवरून दुसरीकडे न्यायचा आहे.

शिरपूरच्या ताईंची डीव्हीडी पुसून, दुसऱ्या ड्राइव्हवर लावून उतरवली. दोन मिनिटं गेली, बाकी सगळी मिळाली. आता त्यांच्या गटात दर शनिवारी दुपारी दोघी-तिघी आपापले डबे घेऊन येतात. तुमच्या गटात, भिशीत, महिला मंडळात हे करायला काय हरकत आहे? मात्र विकतच्या सिनेमांच्या प्रती काढून वाटू नका, तो गुन्हा आहे. घरच्या चकत्या आधी घ्या, आणि त्यातही सगळ्यात जुनी सगळ्यात आधी.